बाणाची काठी कुठे गेली?

हा भाग ज्यांना ऐकण्याऐवजी वाचायला आवडतो त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे इथे लिहून टाकतोय. बोलताना घाईत सुटलेले एकदोन तपशील भरलेत, बाकी सगळं तेच.

आजचा प्रश्न अगदी साधा आहे. दिवाळीतल्या बाणाला काठी असते. श्रीहरिकोट्याहून उडणाऱ्या पीएसएलव्हीला काठी नसते. मग ती काठी गेली कुठे?

प्रश्न पोरकट वाटेल, पण रॉकेटचा निम्मा इतिहास यात आहे. आपण रॉकेटची गोष्ट बहुतेक वेळा जोराची गोष्ट म्हणून ऐकतो. किती टनांचा रेटा, किती वेग, किती उंची. पण जोर मिळवणं माणसाला खूप आधीपासून येत होतं. नळीत दारू ठासा, एक तोंड उघडं ठेवा, पेटवा, झालं. खरी डोकेदुखी पुढची. तो जोर सगळा एका दिशेला लागला पाहिजे, आणि रॉकेटचं नाक वाटेत फिरता कामा नये. काठी मोडलेला बाण काय करतो हे गल्लीत सगळ्यांनी पाहिलंय. जोर तेवढाच, पण तो जमिनीवर गिरक्या घेत कुणाच्या तरी अंगणात शिरतो.

काठी नेमकं काय करते?

बॅडमिंटनचं फूल डोळ्यांसमोर आणा. कसंही मारा, उलटं, तिरकं, हवेत गेल्यावर ते वळतं आणि बूच पुढे, पिसं मागे असंच जातं. का? तर उडणाऱ्या कुठल्याही वस्तूत दोन बिंदू महत्त्वाचे असतात. एक गुरुत्वमध्य, म्हणजे ज्याच्याभोवती ती वस्तू फिरते. दुसरा, हवेचा धक्का जिथे एकवटतो तो बिंदू. फुलाचं वजन पुढे बुचात आहे आणि हवेचा धक्का मागे पिसांवर बसतो. म्हणून फूल तिरकं झालं की हवा पिसांना ढकलून पुन्हा मागे नेऊन ठेवते. हा दुसरा बिंदू पहिल्याच्या मागे असेल तर वस्तू सरळ होते. पुढे असेल तर ती कोलांट्या खाते. रॉकेटच्या बुडाशी जे पंख असतात, ज्यांना आपण फिन्स म्हणतो, ते याच कामाचे. हवेच्या धक्क्याचा बिंदू ते मागे ओढतात.

बाणाची काठी हेच काम गरिबीत करते. लांब वस्तू पटकन वळत नाही, हा एक फायदा. आणि बाण तिरका झालाच तर मागच्या लांब काठीवर हवा आपटते आणि शेपूट पुन्हा रांगेत आणते. यंत्र नाही, सेन्सर नाही, नुसता बांबू.

आणि हा बांबू आपल्याकडचा जुना. मराठी बखरींत किंवा पत्रांत 'बाण' हा शब्द येतो तेव्हा तो दर वेळी धनुष्याचाच नसतो. पुष्कळदा तो दारूचा बाण असतो, म्हणजे रॉकेट. अठराव्या शतकात म्हैसूरच्या हैदरअली आणि टिपू सुलतानाच्या फौजेने यात मोठी सुधारणा केली. दारूची नळी त्यांनी लोखंडाची केली. लोखंडामुळे आतला दाब जास्त सोसतो, त्यामुळे पल्ला वाढला. पण दिशेसाठी अजून बांबूच होता.

१७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडलं आणि हाती लागलेली रॉकेटं इंग्लंडला गेली. तिथे विल्यम काँग्रीव्हने १८०४ च्या सुमारास त्यांच्यावर काम सुरू केलं. त्याच्या ३२ पौंडी रॉकेटची काठी किती लांब होती माहितीये? १५ फूट! एवढं लांबलचक लाकूड घोड्यावरून, बोटीवरून वाहून न्यायचं. शिवाय ती नळीच्या एका बाजूला बांधलेली, म्हणजे रॉकेट मुळातच एका अंगाला कललेलं. १८१५ च्या सुमारास काँग्रीव्हने काठी बुडाच्या मधोमध बसवली, तेव्हा नेम जरा सुधारला.

पण एक अडचण काठीने कधीच सुटणार नव्हती. वारा आडवा आला की तो शेपटीला ढकलतो आणि नाक वाऱ्याच्या दिशेने वळतं, अगदी वातकुक्कुटासारखं. आणि मागे तर दारू पेटलेलीच आहे. म्हणजे वारा डावीकडून आला की रॉकेट स्वतःच्या जोरावर डावीकडे निघालं. काठीला फक्त हवा कळते. तुम्हाला कुठे जायचंय हे तिला माहीत नसतं.

भोवरा

१८४४ मध्ये विल्यम हेल नावाच्या इंग्रजाने काठी काढून टाकली आणि पेटंट घेतलं. त्याची युक्ती अशी की जळलेल्या वायूचा थोडा भाग तिरक्या भोकांतून बाहेर सोडायचा. त्यामुळे रॉकेट पुढे जाता जाता स्वतःभोवती फिरू लागतं. फिरणारा भोवरा जसा सहजासहजी आडवा होत नाही, तसं फिरणारं रॉकेट आपली दिशा सहज सोडत नाही. नळी थोडी वाकडी असली, जोर जरा एका बाजूने लागला, तरी गिरकीमुळे ती चूक सगळ्या दिशांना वाटली जाते.

ही कल्पना आजही जिवंत आहे. थुंब्याहून उडणारी इस्रोची छोटी संशोधन रॉकेटं फिन्स आणि गिरकीच्या भरवशावरच वर जातात. पण गिरकी दिलेली दिशा फक्त टिकवते. वाटेत वळायचं असेल, आणि कक्षेत जायचं तर वळावंच लागतं, तर भोवरा आपल्या काही कामाचा नाही.

गॉडार्ड आणि वर बसवलेलं इंजिन

आता १६ मार्च १९२६. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या ऑबर्न गावातलं एक शेत. रॉबर्ट गॉडार्ड यांचं रॉकेट उडालं, द्रव इंधनावर चालणारं जगातलं पहिलं. अडीच सेकंद, उंची ४१ फूट, अंतर १८४ फूट. एखाद्या सोसायटीच्या आवारात संपेल एवढं उड्डाण.

त्या रॉकेटचा फोटो शोधून बघा. इंजिन वर आहे आणि टाक्या खाली लटकतायत. विचार असा की वरून ओढलं तर खालचं वजन लंबकासारखं आपोआप सरळ लटकेल.

ऐकायला पटतं ना? पण ते चूक आहे, आणि चूक समजून घेण्यासारखी आहे. लंबकाची दोरी ज्या खिळ्याला बांधलेली असते तो खिळा जागचा हलत नाही. रॉकेटचं इंजिन मात्र रॉकेटलाच घट्ट बसवलेलं आहे. रॉकेट कललं की इंजिनही तेवढंच कलतं आणि कललेल्या दिशेलाच ओढत राहतं. समजा बैलगाडी आहे, पण बैल जुंपलेला नाही, गाडीलाच खिळ्यांनी ठोकलाय. गाडी वाकडी झाली की बैलाचं तोंडही वाकडं. मग तो पुढे असो की मागे, गाडी सरळ होणार नाही. गॉडार्ड यांनी हे ओळखलं आणि पुढच्या रॉकेटांत इंजिन खाली नेलं.

मुद्दा असा की रॉकेट फक्त रचनेच्या जोरावर सरळ राहत नाही. कुणीतरी 'आपण कललोय' हे ओळखायला हवं आणि काहीतरी करायला हवं. न्यू मेक्सिकोतल्या रॉसवेलजवळ १९ एप्रिल १९३२ रोजी गॉडार्ड यांनी हे करून पाहिलं. आत फिरता जायरोस्कोप, म्हणजे दिशा न सोडणारा भोवरा, आणि ज्वाळेच्या झोतात छोट्या पट्ट्या. रॉकेट कललं की जायरोला फरक कळतो, पट्ट्या वळतात, झोत वाकतो, रॉकेट सरळ होतं. २८ मार्च १९३५ रोजी याच तऱ्हेचं रॉकेट ४,८०० फूट उंच गेलं. हेलने अख्खं रॉकेट भोवऱ्यासारखं फिरवलं होतं, गॉडार्ड यांनी भोवरा रॉकेटच्या पोटात बसवला आणि त्याला विचारून सुकाणू फिरवलं.

व्ही-२: काठीचं गणित झालं

फिन्सची एक मोठी गोची अजून सांगितली नाही. फिन्सला वारा लागतो. रॉकेट जमिनीवरून सुटतं तेव्हा त्याचा वेग शून्य असतो, म्हणजे फिन्सही शून्य. आणि खूप उंचावर हवाच नसते, म्हणजे तिथेही शून्य. सगळ्यात नाजूक अशा दोन्ही वेळा फिन्स नुसते शोभेचे. दिवाळीचा बाण हलका असतो, क्षणात वेग पकडतो, बाटली सोडेपर्यंत काठीला हवा मिळते. पण १२ टनांहून जड रॉकेट तळावरून संथपणे उठतं तेव्हा त्याला कोण सावरणार?

जर्मनीत पीनेम्युंड इथे ३ ऑक्टोबर १९४२ रोजी व्ही-२ पहिल्यांदा नीट उडालं, ८० किलोमीटरहून वर गेलं. त्याला चार मोठे फिन्स होतेच. पण झोताच्या तोंडाशी ग्रॅफाइटच्या चार पट्ट्याही होत्या, कारण त्या आगीत बाकी काही टिकलं नसतं. इंजिन चालू आहे तोवर झोत आहे, आणि झोत आहे तोवर या पट्ट्यांना पकड आहे. मग वेग शून्य असो की हवा विरळ असो.

आता पट्टी किती वळवायची, हा प्रश्न. तळहातावर झाडू उभा धरून बघा. झाडू किती कललाय एवढंच बघून हात हलवला तर तो डोलत डोलत पडतो. तो किती झपाट्याने कलतोय हेही बघावं लागतं. तुमचा हात हे नकळत करतो. व्ही-२ मध्ये हे काम हेल्मुट होल्झर यांनी बनवलेल्या विजेच्या परिपथाने केलं. कल किती आणि कल बदलण्याचा वेग किती, या दोन्हींची बेरीज करून तो पट्ट्यांना हुकूम द्यायचा. माझ्या मते काठी गेली कुठे, या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. बांबूचं काम आता एक समीकरण करत होतं.

इथे थोडं थांबायला हवं. व्ही-२ लंडन आणि अँटवर्पवर पडली. ती बनवली मिटेलबाउ-डोरा छळछावणीच्या कैद्यांनी, डोंगर पोखरून केलेल्या कारखान्यात. त्या छावणीतून सुमारे ६०,००० माणसं गेली आणि त्यांतली अंदाजे २०,००० मेली. रॉकेट पडून जेवढी माणसं मेली त्याहून जास्त ते बनवताना मेली, असं इतिहासकार सांगतात. रॉकेट सरळ ठेवण्याचं हे सुंदर गणित शिकवताना हा भाग बहुधा गाळला जातो. आपण गाळायचा नाही.

नॉझलच हलवा

झोतात पट्टी ठेवणं म्हणजे वाहत्या नदीत फळी धरणं. ती झोत अडवते, जोर वाया जातो. मग पुढची पायरी सरळ होती. पट्टी कशाला, अख्खं इंजिनच थोडं वाकवा! अमेरिकेच्या व्हायकिंग रॉकेटने १९४९ मध्ये हे केलं. इंजिन दोन्ही दिशांना कलू शकेल अशा सांध्यावर बसवलेलं, याला गिंबल म्हणतात. आता झाडूचं उदाहरण अक्षरशः लागू पडतं. वर झाडू, खाली हलणारा तळहात.

फक्त एक लक्षात ठेवा. मधोमध असलेलं एकच नॉझल नाक वर-खाली आणि डावी-उजवीकडे वळवू शकतं, पण रॉकेट स्वतःभोवती फिरायला लागलं तर ते थांबवू शकत नाही. त्यासाठी वेगळे छोटे थ्रस्टर लागतात, किंवा एकाहून जास्त इंजिनं.

नॉझल हलायला लागलं आणि फिन्स गळू लागले. ते वजन वाढवतात, हवा अडवतात, आडव्या वाऱ्यात सांगाड्यावर ताण आणतात. ११० मीटर उंचीच्या सॅटर्न-५ ला पाच इंजिनं होती. मधलं स्थिर, बाजूची चार हलणारी. तरी बुडाशी चार छोटे फिन्स ठेवले होते. नियंत्रण गेलंच तर रॉकेट जरा हळू कलावं आणि आतल्या तिघांना सुटकेसाठी थोडा वेळ मिळावा, म्हणून. बांबूवरचा विश्वास पूर्ण गेला नव्हता.

बंगालच्या उपसागरात

आता आपल्याकडे येऊ. १० ऑगस्ट १९७९, श्रीहरिकोटा. एसएलव्ही-३, २२ मीटर उंच, भारताचं पहिलं उपग्रह प्रक्षेपक, प्रकल्प संचालक डॉ. अब्दुल कलाम. पहिला टप्पा उत्तम चालला. दुसऱ्या टप्प्याला सावरणाऱ्या नियंत्रण यंत्रणेत नायट्रिक आम्ल वापरलं होतं. एक व्हॉल्व्ह नीट बंद झाला नाही आणि ते आम्ल आधीच गळून गेलं होतं. टप्पा पेटला, जोर पुरेसा होता, पण सावरायला काहीच नव्हतं. ३१७ सेकंदांनी सगळं बंगालच्या उपसागरात. त्या दिवशी पत्रकारांसमोर इस्रोचे अध्यक्ष सतीश धवन स्वतः बसले. १८ जुलै १९८० रोजी तेच रॉकेट यशस्वी झालं आणि रोहिणी उपग्रह कक्षेत गेला. तेव्हा त्यांनी कलामांना पुढे केलं.

मग पीएसएलव्ही. याच्या पहिल्या टप्प्याची करामत मला फार आवडते. घन इंधनाचं ते प्रचंड नॉझल जागचं हलतच नाही. त्याच्या भिंतीतून आत स्ट्रॉन्शियम परक्लोरेटचं द्रावण फवारतात. ज्या बाजूने फवारा, त्या बाजूला वायूचा दाब वाढतो आणि झोत थोडा वाकतो. न हलणारं नॉझल हलल्यासारखं वागतं. पुढच्या टप्प्यांत मात्र नॉझल खरोखर हलतात.

२० सप्टेंबर १९९३ रोजी पीएसएलव्ही पहिल्यांदा उडालं. दुसरा टप्पा सुटताना रॉकेटला मोठा हिसका बसला. असे हिसके सावरायलाच नियंत्रण असतं. पण नाक वर-खाली करणाऱ्या प्रोग्राममध्ये एक चूक राहून गेली होती. रॉकेट सावरलं नाही, समुद्रात गेलं. इंधन ठीक, धातू ठीक, चूक कोडमध्ये. वर्षभराने, १५ ऑक्टोबर १९९४ ला, दुसरं उड्डाण यशस्वी झालं आणि पुढे पीएसएलव्ही इस्रोचा भरवशाचा गडी ठरला.

मी पोटापाण्यासाठी कोड लिहितो, त्यामुळे ही गोष्ट वाचताना पोटात गोळा येतो. आमच्याकडे बग सापडला तर रात्री पॅच जातो. इथे पॅच जायला एक वर्ष लागलं.

आणि हे फक्त आपल्याकडेच झालं असं नाही. ४ जून १९९६, युरोपचं नवंकोरं एरियान-५. दिशा सांगणारा कोड जुन्या एरियान-४ मधून जसाच्या तसा घेतलेला. नवं रॉकेट जास्त वेगवान, त्यामुळे आडव्या वेगाचा आकडा एवढा मोठा झाला की १६ बिटांत मावेना. अशा आकड्याची कमाल मर्यादा ३२,७६७. दिशा सांगणारा संगणक बंद पडला. राखीव संगणकात तोच कोड, तोही बंद. मरताना त्याने पाठवलेला बिघाडाचा संदेश मुख्य संगणकाने रॉकेटची दिशा समजून वाचला आणि नॉझल पूर्ण वळवले. रॉकेट सरळच चाललं होतं! न झालेली चूक सुधारायला ते वळलं आणि साधारण ४० सेकंदांत हवेत फुटलं. गंमत म्हणजे तो आकडा काढणाऱ्या भागाची उड्डाणानंतर गरजच नव्हती.

२ जुलै २०१३ ला बायकोनूरहून निघालेल्या रशियाच्या प्रोटॉन रॉकेटमध्ये वळण्याचा वेग मोजणारे काही सेन्सर उलटे बसवले गेले होते. रॉकेट जेवढं सावरायला गेलं तेवढं जास्त कललं, आणि अर्ध्या मिनिटात जमिनीवर आलं.

बांबू उलटा बसत नाही, बांबूला ३२,७६७ ची मर्यादा नसते. पण बांबू कक्षेतही नेत नाही. सौदा हा आहे. आपोआप मिळणारी स्थिरता सोडून दिली तेव्हाच रॉकेटला हवं तिथे वळता आलं. त्या बदल्यात आता प्रत्येक क्षणी कुणीतरी जागं राहावं लागतं, आणि त्या जागं राहणाऱ्याला खाली-वर बरोबर माहीत असावं लागतं.

फिन्स परत आले

शेवटची गंमत. २१ डिसेंबर २०१५ रोजी स्पेसएक्सच्या फाल्कन-९ चा पहिला टप्पा परत येऊन जमिनीवर उभा राहिला. त्याला चार फिन्स आहेत, जाळीचे, आणि ते वरच्या टोकाला! उलटं वाटतं ना? पण तो परत येतो तेव्हा इंजिनं पुढे, म्हणजे खाली असतात. वरचं टोक हीच त्याची शेपूट. जड इंजिनं म्हणजे बूच, जाळीचे फिन्स म्हणजे पिसं. १५ मजली बॅडमिंटनचं फूल. फरक एवढाच की इथली पिसं संगणक फिरवतो.

तेव्हा पुढच्या वेळी इस्रोचं थेट प्रक्षेपण लावाल तेव्हा कॅमेरा वर जाण्याआधी बुडाकडे बघा. पीएसएलव्ही असेल तर पहिल्या टप्प्याला चिकटलेल्या दोन बारीक टाक्या शोधा, त्यात ते फवारायचं द्रावण असतं. मग मोठ्या पडद्यावर एक वाकडी रेष असते, ठरलेल्या मार्गाची, आणि तिच्यावरून सरकणारा एक ठिपका. ठिपका रेषेवर आहे तोवर समजा, काठी शाबूत आहे.

कुणाला फिन्सचं गणित घरी करून बघायचं असेल तर पुठ्ठ्याचं रॉकेट आणि दोरा पुरतो. पेटवायची गरज नाही. दोरा गुरुत्वमध्याला बांधा आणि डोक्याभोवती गरगर फिरवा. नाक पुढे राहिलं तर फिन्स पुरेसे आहेत, नाही राहिलं तर मोठे करा. काय झालं ते कॉमेंटमध्ये सांगा. भेटू पुढच्या भागात!